किलोचा भाव आणि नगाची किंमत

"काय किलो पडलं?" हा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला पहिला प्रश्न. टेम्पोतून कास्टिंग, म्हणजे मशीनवर कातायचा ओतीव लोखंडी भाग, उतरत असतं, शेजारच्या शेडमधला कुणीतरी चहाचा कप घेऊन येतो आणि हेच विचारतो. उत्तर ऐकलं की "आम्हाला तर सहा-सात रुपये कमीनं मिळतं" म्हणतो आणि निघून जातो. ऐकणाऱ्याचा दिवस वाया. मग संध्याकाळी जुन्या फाउंड्रीला, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याला, फोन, घासाघीस, आणि महिनाभरात कास्टिंग दुसरीकडून यायला लागतं.

त्या शेजाऱ्याला उलट कुणी विचारत नाही: बाबा, तुझं तेच कास्टिंग किती किलोचं भरतं?

बेळगावात उद्यमबाग, मच्छे, वाघवडे, होनगा या पट्ट्यात ज्यांची मशीनशॉप आहे, त्यांना कास्टिंगसाठी दोन दिशा आहेत. एक गावातलीच फाउंड्री, दुसरी हायवेनं उत्तरेला निपाणी ओलांडून कागल, गोकुळ शिरगाव, शिरोली. दोन्हीकडे चांगल्या फाउंड्र्या आहेत, दोन्हीकडे वाईटही आहेत. त्यामुळे प्रश्न अमुक गाव की तमुक गाव असा नाही. कोटेशनच्या कागदावर जो एकच आकडा आपण बघतो, त्यात काय येतं आणि काय येत नाही, हा आहे.

किलोच्या भावात एक मूळचीच गोम आहे. किलोवर विकणाऱ्याला जाड कास्टिंग परवडतं. यात लबाडी असतेच असं नाही. वाळूचा साचा सैल ठोकला गेला की ओतलेल्या बिडाच्या, म्हणजे कास्ट आयर्नच्या, वजनानं साच्याच्या भिंती मागे सरकतात आणि कास्टिंग फुगतं. ग्रीन सँडच्या, म्हणजे बेंटोनाइट माती कालवलेल्या ओलसर वाळूच्या, मशीन मोल्डिंगला साच्याचा कडकपणा बी स्केलच्या टेस्टरवर ८५ च्या वर हवा. तो कमी पडला की फुगवटा आलाच. पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा उठवतात तो नमुना, झिजला आणि त्यावर पुट्टी मारून मारून जाड झाला, तरीही तेच. हिशेब सोपा आहे. हजार चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावर एक मिलिमीटर जाडी वाढली की शंभर घनसेंटिमीटर धातू वाढला, म्हणजे साधारण ७१० ते ७२० ग्रॅम बीड. ते आपण पूर्ण भावानं विकत घेतो, पगार देऊन सोलून काढतो आणि बोरिंग (कातलेला चुरा) म्हणून भंगारवाल्याला एक-तृतीयांश भावात देतो.

एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू. आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, प्रत्येकानं आपले घालावेत. एफजी २६० या ग्रेडच्या बिडाचं बेअरिंग हाउसिंग, तयार वजन १०.४ किलो, महिन्याला ५०० नग. पहिली फाउंड्री ८८ रुपये किलो म्हणते, दुसरी ९५. फरक सात रुपये, जवळजवळ आठ टक्के. इथंच बहुतेकांचा निर्णय होऊन जातो.

आता काट्यावर ठेवा. पहिल्याचं कास्टिंग १२.९ किलो भरतं, दुसऱ्याचं १२.१. म्हणजे पहिल्याचा नग ११३५ रुपये २० पैशांना, दुसऱ्याचा ११४९ रुपये ५० पैशांना. आठ टक्क्यांचा फरक सव्वा टक्क्यावर आला, आणि अजून कास्टिंग मशीनवर चढलेलंही नाही.

पुढे मात्र प्रामाणिकपणे मोजायचं, नाहीतर महागड्याच्या प्रेमात पडून आपणच आपल्याला फसवतो. बोरिंग विकून पैसे येतात. पहिल्याचं अडीच किलो निघतं, दुसऱ्याचं १.७ किलो. तीस रुपये किलो धरले तर ७५ आणि ५१ रुपये परत. ते वजा केले की पहिला १०६०.२०, दुसरा १०९८.५०. म्हणजे फरक पुन्हा वाढला, ३८ रुपयांवर गेला. मशीनचा तास ४५० रुपये, म्हणजे मिनिटाला साडेसात. दुसऱ्याच्या कास्टिंगला २४ मिनिटं लागतात, १८० रुपये. पहिल्याला जास्तीचा एक कट घ्यावा लागतो, साडेसव्वीस मिनिटं, १९८.७५. इन्सर्टची, म्हणजे कातणाऱ्या टूलच्या बदलायच्या टिपेची, एक धार ८० रुपयांना पडते असं धरू. दुसऱ्याच्या बिडावर एका धारेत ४० नग होतात, पहिल्याच्या वाळू चिकटलेल्या कातडीवर १६. नगाला दोन रुपये विरुद्ध पाच रुपये. धार बदलायला तीन मिनिटं धरली तर त्याचे आणखी ५६ पैसे आणि १ रुपया ४१ पैसे. इन्सर्टबद्दल दुकानात जेवढी ओरड असते तेवढा हा आकडा मोठा नसतो, हे लक्षात घ्या. ओरड होते कारण इन्सर्ट डोळ्यासमोर तुटतं. किलोभर जादा बीड डोळ्यासमोर तुटत नाही.

मग रिजेक्शन. पहिल्याचं सहा टक्के, दुसऱ्याचं दीड टक्का. फाउंड्रीनं कास्टिंगचे पैसे डेबिट नोटवर परत दिले असं समजू. तरी त्यावर केलेलं मशीनिंग गेलंच. सरासरी दीडशे रुपयांचं काम झाल्यावर ब्लोहोल, म्हणजे वायू अडकून राहिलेली पोकळी, उघडतो असं धरलं, तर पहिल्याच्या दर चांगल्या नगावर ९.५७ रुपये चढतात, दुसऱ्याच्या २.२८.

सगळं मिळून पहिला १२७४.९३, दुसरा १२८३.३४. अजूनही पहिलाच स्वस्त आहे, जवळजवळ साडेआठ रुपयांना. ज्यांना "स्वस्त ते वाईट" हे आधीच माहीत असतं, त्यांनी इथं थांबून हा आकडा पुन्हा वाचावा. किलोला आठ टक्के दिसणारा फायदा नगाला पाऊण टक्क्याहून कमी उरला, पण उरला.

त्यानंतर उधारी. पहिला १५ दिवसांत पैसे मागतो, दुसरा ४५ दिवस देतो. सीसीचं, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिटचं, व्याज वर्षाला १२ टक्के धरलं तर तीस दिवसांचा एक टक्का, नगाला साडेअकरा रुपये. आता दुसरा तीन रुपयांनी स्वस्त झाला. तीन रुपयांवर सप्लायर बदलावा का? नाही. पण सात रुपये किलोच्या मोहानं सोडू नये, एवढं मात्र कळतं.

आणि सगळ्यात मोठा आकडा अजून यायचा आहे. वरच्या हिशेबात फाउंड्रीनं रिजेक्शनचे पैसे परत दिले असं आपण समजून चाललो. ते दिले नाहीत तर? मशीनिंगनंतर निघालेला दोष आमचा नाही, कास्टिंग तुम्ही पास करून घेतलं होतं, असं म्हणणारे आहेत. मग रिजेक्ट नग ३५ रुपये किलोनं भंगारात विकूनही पहिल्याच्या प्रत्येक चांगल्या नगावर ४९ रुपये चढतात, दुसऱ्याच्या १२. भावाच्या सात रुपयांवर आठवडाभर फोन होतात आणि या अटीवर एक ओळही लिहिली जात नाही. काही ठिकाणी आणखी एक खुबी असते. क्रेडिट देतात, पण परत आलेल्या नगाच्या वजनावर. आपण त्यातलं दोन किलो सोलून टाकलेलं असतं, ते आपल्या माथी. पीओवर (परचेस ऑर्डरवर) स्पष्ट लिहावं: मशीनिंगनंतर उघडा पडलेला ओतकामाचा दोष फाउंड्रीकडे, क्रेडिट मूळ बिलाच्या वजनावर, माल पोचल्यापासून अमुक दिवसांपर्यंत. मशीनिंगचा खर्च मागून बघावा. पूर्ण कुणी देत नाही, अर्धा देणारे भेटतात.

वजनाची अटही तिथंच लिहायची. पहिल्या मंजूर नगांचं सरासरी वजन ठरवून घ्या आणि "प्रत्यक्ष वजन किंवा ठरलेलं वजन अधिक दोन टक्के, यांतलं जे कमी त्यावर बिल" असं घाला. त्याहून सोपं म्हणजे नगावर भाव. नगावर भाव ठरला की सैल साचा फाउंड्रीच्याच अंगावर येतो, आणि मग कडकपणाचा टेस्टर ड्रॉवरमधून बाहेर निघतो.

स्वस्ताई येते कुठून

कमी भाव देणारा मूर्ख नसतो. तो कुठंतरी वाचवतो, आणि कुठं वाचवतो ते कळलं तर आपल्याला चालेल की नाही हे ठरवता येतं. भट्टीची वीज आणि मजुरी एकाच गावात सगळ्यांना जवळपास सारखीच पडते. वाचतं ते चार्जमध्ये (भट्टीत टाकायच्या मालात), वाळूत, कोअरमध्ये (पोकळी ठेवायला साच्यात बसवलेल्या वाळूच्या गाभ्यात) आणि तपासणीत.

चार्जमध्ये पिग आयर्न (कच्चं बीड) कमी करून मिश्र स्टील स्क्रॅप वाढवलं आणि वरून कार्बन टाकला, की हीट, म्हणजे भट्टीचा एक घाणा, स्वस्त होते. यात चूक काही नाही, नीट करणारे नीट करतात. गडबड होते ती स्क्रॅपमध्ये काय आलं ते न बघता टाकल्यावर. क्रोमियम वाढलं की बीड कडक होतं, पातळ कडांना पांढरं पडतं. आपल्याकडे त्याला "चिल लागली" म्हणतात. दुसरी बचत इनॉक्युलंटची, म्हणजे चिल टाळायला घालायच्या पदार्थाची. शंभर किलोच्या लॅडलला (ओतायच्या भांड्याला) दोन-तीनशे ग्रॅम फेरोसिलिकॉन घालायचं असतं, आणि दहा-पंधरा मिनिटांत त्याचा असर उतरतो. ते विसरलं किंवा लॅडल रेंगाळली की पुन्हा चिल. बाकी नग छान चालतो आणि एका कोपऱ्यात टिप उडते. ऑपरेटर म्हणतो इन्सर्ट खराब आहे, इन्सर्टवाला म्हणतो फीड जास्त आहे, आणि दोघंही फाइल (कानस) घेऊन तो कोपरा घासून बघत नाहीत. फाइल चावली तर बीड मऊ आहे. नुसती घसरून चकाकी आली तर चिल आहे, तिथं कुठलंही इन्सर्ट लावा.

वाळूत वाचवणं म्हणजे नवीन वाळू आणि बेंटोनाइट कमी, जुनी वाळू फिरवत राहणं. बारीक धूळ वाढते, हवा पास होत नाही, वायू धातूत अडकतो. कोअरमध्ये वाचवणं म्हणजे शेल कोअर किंवा कोल्ड बॉक्सऐवजी सीओटू कोअर. कोरड्या दिवसांत तो काम देतो. पण त्यातलं वाळू बांधणारं सोडियम सिलिकेट हवेतला ओलावा पितो, आणि बेळगावचा जुलै म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. कोअर दोन दिवस उघड्यावर पडला की बोअरच्या आत ब्लोहोल्सची रांग. म्हणून नवीन फाउंड्री बघायला जायचं तर फेब्रुवारीत जाऊ नका, पावसात जा. स्क्रॅप उघड्यावर आहे का, कोअर कुठं ठेवलेत, वाळूच्या ओलाव्याची नोंद दिवसातून किती वेळा होते हे बघा. ग्रीन सँडचा ओलावा तीन-चार टक्क्यांच्या आसपास हवा. नोंदवहीत महिनाभर एकच आकडा दिसला, तर ती वही तपासणीसाठी नाही, पाहुण्यांसाठी आहे.

एमटीसीचंही तसंच. मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट सगळे देतात. तीन महिन्यांची तीन सर्टिफिकेट शेजारी ठेवा. कार्बन ३.३५, सिलिकॉन २.०५, मँगनीज ०.६८, तिन्हीवर हेच असेल तर कुणीतरी फक्त तारीख बदलली आहे. खऱ्या हीटमध्ये दुसऱ्या दशांशाला आकडे हलतातच.

टेम्पो उतरताना करायची कामं

लॅब नसली तरी अर्ध्या तासात बरंच कळतं. लॉटमधून पाच नग काढा. वरचे पाच नकोत, टेम्पोच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतले. काट्यावर ठेवून पाचही वजनं लिहा. सरासरीपेक्षा त्यांच्यातला फरक जास्त बोलका असतो. बारा किलोच्या नगात अर्ध्या किलोचा फरक दिसला तर साचे एकसारखे ठोकलेले नाहीत. पार्टिंग लाइनवर (साच्याच्या दोन अर्ध्यांच्या सांध्यावर) पट्टी आडवी धरून मिसमॅच बघा. बोअरच्या चारही बाजूंना भिंतीची जाडी मोजा. समोरासमोरच्या जाडीत चार मिलिमीटरचा फरक म्हणजे कोअर दोन मिलिमीटर सरकलाय, आणि मशीनिंगसाठी ठेवलेलं अलाउन्स अडीचचं असेल तर एका बाजूला फक्त अर्धा मिलिमीटर उरतो. असा नग चकमध्ये धरायच्या आधीच बाजूला काढायचा.

कडकपणा मोजताना कातडीवर मोजू नका. ग्राइंडरनं एक-दोन मिलिमीटर काढून साफ जागा करा. दहा मिलिमीटरची गोळी आणि ३००० किलोचा भार वापरला तर खड्ड्याचा व्यास ४.५ मिलिमीटर आला की १७९ बीएचएन (ब्रिनेल कडकपणा), ४.२ आला की २०७, ४.० आला की २२९. एफजी २६० ला साधारण १८० ते २३० चालतं, म्हणजे खड्डा ४ आणि ४.५ च्या मध्ये पडला पाहिजे. एवढं लक्षात राहिलं तरी पुरे. २६० हा आकडा ताणशक्तीचा आहे, कडकपणाचा नाही. आयएस २१० प्रमाणे किमान २६० मेगापास्कल. दोन्हींची गल्लत करून "कडकपणा २६० आलाय, बरोबर आहे" म्हणणारे आहेत.

एसजी आयर्न, म्हणजे चिवट बीड, असेल तर मामला वेगळा, आणि तिथं स्वस्ताई जास्त धोक्याची. ग्राफाइटचे गोळे व्हावेत म्हणून मॅग्नेशियम घालतात, आणि ते उडून जात असतं. ट्रीटमेंटनंतर दहा-बारा मिनिटांत ओतून संपवायला हवं. लॅडलचा पहिला साचा आणि शेवटचा साचा एकाच हीटचे असले तरी धातू एकच नसतो. घाईत मोठी लॅडल भरून जास्त साचे ओतणं स्वस्त पडतं, आणि शेवटच्या साच्यांमध्ये गोळे चपटे झालेले असतात. म्हणून सर्टिफिकेट मागताना शेवटच्या साच्याचा मायक्रो फोटो मागा. दुकानात पटकन ओळखायचं तर नग दोरीला टांगून हातोडी मारा. एसजी घंटेसारखं वाजतं, साधं बीड बद्द. यानं मधलं काही पकडता येत नाही, पण पूर्ण फसलेला नग पकडता येतो. एसजी ५००/७ म्हणून घेतलेला हायड्रॉलिकचा किंवा गाडीचा भाग शेतात नाहीतर रस्त्यावर तुटला, तर किलोच्या भावाची चर्चा कुणी करणार नाही.

दोष निघाला की आधी त्याचा चेहरा बघायचा. ब्लोहोल आतून गुळगुळीत, गोलसर, चकचकीत असतो. श्रिंकेज, म्हणजे धातू आकसून पडलेली पोकळी, खडबडीत, स्पंजासारखं, आणि बहुतेक जाड बॉसच्या (उंचवट्याच्या) पोटात. वाळू अडकली असेल तर वेडावाकडा खड्डा आणि त्यात दाणे. स्लॅग (धातूवरची मळी) काळा, काचेसारखा. हे सांगता आलं तर फाउंड्रीशी बोलणं पाच मिनिटांत संपतं. श्रिंकेज असेल तर रायझर (जादा धातूचा साठा) किंवा गेटिंग (धातू साच्यात नेणाऱ्या वाटा) बदलल्याशिवाय ते दर लॉटला येणारच, तिथं "पुढच्या वेळी काळजी घेऊ" हे उत्तर घ्यायचं नाही. नगावर लाल रंगाचा गोल, हीट नंबर दिसेल असा फोटो, त्याच दिवशी. पंधरा दिवसांनी पाठवलेल्या फोटोवर कुणी क्रेडिट देत नाही, आणि त्यांचंही बरोबर असतं.

यात अंतराचा भाग येतो. मच्छेच्या फाउंड्रीचा माणूस अर्ध्या तासात येऊन नग हातात घेतो. कोल्हापूरहून यायचं तर शंभर-एकशेदहा किलोमीटर, म्हणजे त्याचा दिवस गेला, म्हणून तो फोटोवर भागवतो. तरी महिन्याला पूर्ण टेम्पो भरत असेल तर अंतर फार महाग नाही. महाग पडतो अर्धा टेम्पो. भाडं सहा हजार धरलं तर तीन टनांवर किलोला दोन रुपये, एका टनावर सहा. सात रुपयांची बचत राज्यांच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यापर्यंतच जवळजवळ संपली. शिवाय दोन्हीकडची साप्ताहिक सुट्टी एकाच दिवशी असतेच असं नाही, आणि सीमाप्रश्न तापला की दुसऱ्या राज्याची नंबरप्लेट घेऊन यायला ड्रायव्हर का-कू करतात. डिसेंबर २०२२ मध्ये ते सगळ्यांनी पाहिलं. अशा वेळी आठवड्याचा स्टॉक शेडमध्ये असावा लागतो, आणि त्या स्टॉकमध्ये अडकलेल्या पैशालाही व्याज आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. नाक्याच्या पलीकडून माल घेतला तर आयजीएसटी, अलीकडून घेतला तर सीजीएसटी अधिक एसजीएसटी. दर तोच आणि टॅक्सचं क्रेडिट दोन्हीकडे मिळतं, त्यामुळे "बाहेरच्या राज्यातून घेतलं की टॅक्स जास्त" हा नुसता गैरसमज. क्रेडिट अडतं ते सप्लायरनं रिटर्न वेळेत न भरल्यामुळे, कारण बिल जीएसटी पोर्टलच्या जीएसटीआर-२बी या यादीत दिसल्याशिवाय ते घेता येत नाही. भाव दोन रुपये कमी आणि रिटर्न दोन महिने उशिरा, हा सौदा आतबट्ट्याचा. १८० दिवसांत सप्लायरला पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं, तेही ध्यानात ठेवा. विकतच्या मालाला पन्नास हजारांच्या वर ई-वे बिल लागतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण जॉबवर्कसाठी माल दुसऱ्या राज्यात पाठवला तर किंमत कितीही असो, ई-वे बिल हवंच. हीट ट्रीटमेंटला म्हणून दहा नग पलीकडे पाठवताना बरेच जण इथंच अडकतात.

उधारीचं गणितही आता पूर्वीचं राहिलं नाही. फाउंड्री उद्यम नोंदणी असलेली सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर लेखी करार असताना जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५. आयकराचा, ४३बी (एच) या नावानं सगळ्यांना पाठ झालेला नियम २०२३-२४ पासून लागू आहे. मुदतीत न दिलेली आणि मार्चअखेर थकलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून धरत नाहीत, पैसे देऊ त्या वर्षी धरतात. त्यामुळे "भाव थोडा जास्त, पण नव्वद दिवस उधार" या बोलीत लघु उद्योगाकडून घेताना फारसा अर्थ उरलेला नाही. कोटेशनसोबत उद्यम प्रमाणपत्र मागून घ्यावं म्हणजे नंतर सीएकडे डोकं धरायची पाळी येत नाही.

बिनबिलाचा भाव म्हणून आणखी एक भाव असतो. त्यावर क्रेडिट नाही, हीट नंबर नाही, रिजेक्शनचा दावा कुठल्या कागदावर करणार? सोडून द्या.

आता स्वस्त कुठं घ्यावं तेही सांगतो, कारण सगळीकडे उत्तम माल घेणं हीही उधळपट्टीच. काउंटरवेट, बैठकीच्या पाट्या, मशीनिंग नसलेले ठोकळे, जिथं वजन हेच काम आहे तिथं सगळ्यात कमी किलोभाव घ्या आणि एमटीसीही मागू नका. तिथं जाड कास्टिंग हा दोष नाही. उलट, महाग कोटेशन म्हणजे दर्जा असंही नाही. ऑटोमॅटिक मोल्डिंग लाइन असलेल्या फाउंड्रीला तुमच्या ५० नगांचं काम नको असतं, पण तोंडावर नाही म्हणता येत नाही म्हणून ती भाव चढवून देते. तो भाव मान्य करून काम दिलं तरी नंबर सगळ्यात शेवटी लागणार. आपल्या लॉटच्या आकाराची फाउंड्री शोधावी. हँड मोल्डिंगच्या माणसाला पाच हजार नग देऊ नयेत, आणि मोठ्या लाइनला पन्नास देऊ नयेत.

भावाबरोबर एक प्रश्न नक्की विचारा: स्क्रॅप आणि पिग आयर्नचा दर वाढला की काय? ज्याच्याकडे तीन महिन्यांनी दर बदलायचा लिखित हिशेब आहे, त्याचा आजचा भाव खरा. ज्याच्याकडे नाही, त्याचा भाव पहिल्या पीओपुरता. दुसऱ्या महिन्यात फोन येतोच, आणि तोवर जुना सप्लायर तुटलेला असतो.

सप्लायर बदलायचाच ठरला तर घाई पॅटर्नपाशी नडते. पॅटर्न आपल्या पैशाचा असतो, पण तो असतो जुन्या फाउंड्रीच्या रॅकवर. ताब्याची पावती नसेल तर जुन्या बाकीसाठी अडवून ठेवतात. शिवाय तो तसाच्या तसा नव्या ठिकाणी चालत नाही. त्यांच्या बॉक्सचा आकार वेगळा, मॅच प्लेट (पॅटर्न बसवायची पाटी) वेगळी, गेटिंग पुन्हा बसवावं लागतं. लाकडी पॅटर्न पावसात फुगतो, ठोकून ठोकून कडा गोल होतात, म्हणून उचलताना ड्रॉइंगनुसार मोजून घ्यावा. बिडासाठी पॅटर्न साधारण एक टक्का मोठा असतो, ते धरून. नवीन फाउंड्रीत आधी पाच नग ओतून घ्या. एक कापून जाड भागातलं श्रिंकेज बघा, बाकीचे पूर्ण मशीन करा. मग पन्नास, आणि ते दोन वेगवेगळ्या दिवशी ओतलेले. तिसऱ्या वेळी पूर्ण लॉट. त्यातही पहिले तीन-चार महिने सत्तर-तीसनं वाटणी ठेवता आली तर बरं, पण त्यासाठी दुसरा पॅटर्न लागतो, आणि ५०० नगांच्या कामाला तो खर्च निघतोच असं नाही. तो निघत नसेल तर जुन्याकडून दीड महिन्याचा माल जास्तीचा ओतून घ्या, त्याची बाकी चुकती करा, आणि पॅटर्न टेम्पोत चढल्यावरच नवी पीओ काढा.